‘एवढी ट्रीप मारून ये!’

घाटात किंवा महामार्गाच्या उतारावर मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक वाक्य ठरलेले असते. ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा वाहनावरील ताबा सुटला.’ गावाचे नाव बदलते, मृतांचा आकडा बदलतो, हे वाक्य मात्र बदलत नाही. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना उडवत थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान १० माणसे मेली. २६ जुलै २०२५ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ एका ट्रेलरने अशाच कारणाने वीसएक वाहनांना धडक दिली आणि एका महिलेचा जीव गेला. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी पुण्याच्या नवले पुलावर एका कंटेनरने पुढची वाहने चिरडली, आग लागली, ८ जणांचा बळी गेला. त्या मृतांमध्ये कंटेनरचा ड्रायव्हर आणि क्लीनरही होते.

प्रत्येक वेळी दोन दिवस चर्चा झडते. रस्त्याचा उतार चुकला आहे, वेगमर्यादा कमी करा, कॅमेरे लावा, रबरी पट्ट्या टाका. हे सारे करावेच. पण जो ब्रेक फेल झाला तो कधीपासून फेल होता, हे कुणाला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही ती गाडी रस्त्यावर कुणी काढली, हे विचारण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. ‘ब्रेक फेल’ हे दोन शब्द उच्चारले की चौकशीची फाईल बंद होते. आमचा सवाल तिथूनच सुरू होतो. ब्रेक फेल होतो म्हणजे नेमके काय होते? आभाळातून वीज कोसळावी तसा तो अचानक कोसळतो काय?

अवजड वाहनाचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरतो. ड्रायव्हरने पेडल दाबले की ती हवा नळ्यांमधून प्रत्येक चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते आणि लायनर ड्रमवर आवळले जातात. ट्रेलर असेल तर पुढच्या ओढणाऱ्या गाडीतून मागे दोन नळ्या जातात. एकीतून हवेचा पुरवठा होतो, दुसरीतून ब्रेक लावण्याचा दाब जातो. हवा पार निघून गेली तर स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आपोआप लागावेत आणि गाडी जागीच अडकावी, अशी या यंत्रणेची मूळ रचना आहे. म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने माणसाच्या जिवाचा विचार केलेला आहे. मग ब्रेक जातो कुठे?

तो महिनोन्महिने, थोडा थोडा जातो. लायनर झिजून पत्र्याला टेकलेले असतात. झिजलेल्या लायनरप्रमाणे ब्रेक आवळून घ्यायचा असतो, तो घेतलेला नसतो. हबचे सील फाटून ग्रीस लायनरवर आलेले असते. ड्रमला चिरा गेलेल्या असतात. चेंबरमधला रबर फाटून हवा गळत असते. नवा चेंबर बसवायचा तर पैसे लागतात आणि गाडी अर्धा दिवस उभी राहते. म्हणून त्या चाकाची नळी बांधून टाकायची आणि गाडी पुढे काढायची, हा या धंद्यातला सर्रास चालणारा जुगाड आहे. सहा किंवा आठ चाकांच्या जोड्यांपैकी दोन बाद झाल्या तरी सपाट रस्त्यावर गाडी थांबते. त्यामुळे सगळ्यांचे चालून जाते. घाट लागला की उरलेल्या चाकांवर सगळा भार येतो, ड्रम तापून लाल होतात, तापलेला लायनर पकड सोडतो. ड्रायव्हर पेडल दाबत राहतो आणि गाडी धरत नाही. ही वीज आभाळातून पडलेली नसते. ती गॅरेजच्या न भरलेल्या बिलातून पडलेली असते.

ब्रेकचेच कशाला? ट्रेलरच्या चार कोपऱ्यांवर कंटेनर धरून ठेवणारी कुलपे गंजून गेलेली असतात, कुठे दोनच शाबूत असतात. वळणावर कंटेनर कलंडतो आणि शेजारून जाणारा दुचाकीवाला त्याखाली सापडतो. टायर गोटा झालेले असतात. पाटे तुटून वेल्डिंग मारलेले असतात. मागचे दिवे बंद, परावर्तक पट्ट्या चिखलाने माखलेल्या, मागून घुसणारी मोटार अडवायला जो आडवा लोखंडी दांडा लागतो तो वाकून लोंबत असतो. रात्री उभ्या ट्रेलरच्या मागे मोटार घुसून कुटुंबेच्या कुटुंबे संपतात, त्यामागे हा न लागलेला दिवा आणि हा वाकलेला दांडाही असतो.

आणि हे सगळे ड्रायव्हरला ठाऊक असते. कळंबोलीच्या ट्रक तळावर जा, उरणला न्हावा-शेवा बंदराच्या रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही ट्रेलरच्या ड्रायव्हरला विचारा, भिवंडीच्या गोदामांकडे जा. गाडीचा कोणता एक्सल धरतो आणि कोणता धरत नाही हे तो डोळे मिटून सांगेल. कारण त्या केबिनमध्ये तोच बसतो. रात्री तिथेच झोपतो. गाडीचा आवाज बदलला तर त्याची झोप मोडते. तो शेठला फोन करतो, “शेठ, मागच्या एक्सलचा ब्रेक धरत नाही.” पलीकडून उत्तर येते, “अरे, एवढी ट्रीप मारून ये, आल्यावर बघू.” तो ट्रीप मारून येतो. दारात दुसरा माल तयार असतो. पुन्हा तेच उत्तर. ‘आल्यावर बघू’मधले ते ‘आल्यावर’ कधीच येत नाही, आणि एके दिवशी ड्रायव्हरच परत येत नाही.

त्याने नाही म्हणायचे ठरवले तर? तर चावी काढून घेतली जाते. मागे दुसरा उभाच असतो. मराठवाड्यातल्या भूमिहीन घरातला पोरगा असो, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला असो की राजस्थानातला, क्लीनर म्हणून चार वर्षे शिव्या खाऊन तो आता कुठे स्टिअरिंगवर बसलेला असतो. नेमणूकपत्र नाही, हजेरीपुस्तक नाही. आगाऊ घेतलेली उचल मात्र शेठच्या वहीत व्यवस्थित लिहिलेली असते. आमच्या वस्त्यांमधून या धंद्यात गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. ती बेफिकीर नसतात. ती अडकलेली असतात.

आता हिशेब कसा चालतो ते पाहू, कारण सगळी गोम त्यात आहे. बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरला ट्रीपमागे ठरावीक रक्कम हातात दिली जाते. त्यातून खुराकी, पंक्चर, नाक्यावरची ‘चहापाणी’, किरकोळ दुरुस्ती भागवायची. उरले ते त्याचे. वाटेत व्हॉल्व्ह बदलायला दीड हजार लागले तर ते आधी त्याच्या खिशातून जातात आणि परतल्यावर शेठ म्हणतो, “बिल कुठाय? मला विचारलंस का?” म्हणजे दुरुस्ती केली तर तोटा ड्रायव्हरचा, न केली तर फायदा मालकाचा, आणि मेले तर कोण ते वेगळे सांगायला नको. डिझेलचेही तसेच. ट्रीपला अमुक लिटर असे ठरलेले असते. वाचले तर ड्रायव्हरला चार पैसे सुटतात, जास्त लागले तर पगारातून कापतात.

२० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलावर एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली, तेव्हाही आधी ब्रेक फेलचीच बातमी आली. नंतर अधिकाऱ्यांनी सांगितले की ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद ठेवले होते. झाले! सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. दोष सापडला, दोषी सापडला. इंजिन बंद करून उतार उतरणे ही जीवघेणी गोष्ट आहे, यात आम्हाला शंका नाही. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, आणि प्रत्येक ब्रेकसरशी टाकीतली हवा कमी होत जाते, ती पुन्हा भरत नाही. पण अनुभवी माणूस हे का करतो, हे कुणी विचारले? लिटरभर डिझेलमागे जिवाची बाजी लावायला लावणारा हिशेब कुणी बांधला? त्या प्रश्नाचे उत्तर आरटीओच्या तपासणी अहवालात लिहायला रकानाच नसतो.

मालकाचीही एक बाजू आहे आणि ती लपवण्याचे आम्हाला कारण नाही. या देशात ट्रक बाळगणारे बहुतेक लोक लहान आहेत. एक, दोन, पाच गाड्या. हप्ता चुकला तर फायनान्सवाले गाडी ओढून नेतात. माल मोठ्या कंपनीचा, कंत्राट मोठ्या ट्रान्सपोर्टरचे, त्याने ते दलालाला दिलेले, दलालाने या लहान मालकाला. प्रत्येक पायरीवर भाड्यातला तुकडा कापला जातो आणि शेवटी जे हातात पडते त्यात डिझेल, टोल आणि हप्ता भागवला की लायनरला काही उरत नाही. ही सरळ सरळ उतरंड आहे. वरच्या मडक्यातले पाणी खालच्यात झिरपत नाही, वरचा भार मात्र पुरा खालच्यावर येतो. उतरंडीचे हे गणित आमच्या वाचकांना कुणी नव्याने शिकवायला नको. सगळ्यात वर बसलेल्या कंपनीला तर आपला माल कोणत्या ट्रेलरवर चढला हेही पाहावे लागत नाही. तिला फक्त तो वेळेवर पोहोचायला हवा असतो. उशीर झाला तर दंड, तोही खाली सरकत सरकत ड्रायव्हरपर्यंत येतो.

मग सरकारची तपासणी कुठे आहे? आहे ना. तिला आपल्याकडे ‘पासिंग’ म्हणतात. मालवाहू वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. पासिंगच्या दिवशी गाडी नवरीसारखी सजते. रंगाचा हात फिरतो, दिवे लागतात, उसने आणलेले टायर चढतात, संध्याकाळी ते उतरून दुसऱ्या गाडीला जातात. ज्यांनी आयुष्य या लाइनीत काढले त्यांना हे सांगताना हसू येते. आता यंत्रांनी तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रे आणली जात आहेत. ब्रेकचा जोर रोलरवर मोजला जाईल, माणसाच्या हातात काही राहणार नाही. चांगली गोष्ट आहे, आम्ही तिचे स्वागतच करू. पण लायनर काही पासिंगची तारीख पाहून झिजत नाही. घाटातून रोज माल ओढणाऱ्या ट्रेलरचा ब्रेक काही महिन्यांतच कामाला येतो. वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी एका दिवसाचा दाखला यंत्राने दिला काय आणि माणसाने दिला काय, उरलेल्या ३६४ दिवसांचा तपासनीस एकच असतो, तो म्हणजे ड्रायव्हर. आणि त्याच्या तपासणीला कायद्यात किंमत काय?

इथे कायद्याकडे वळावे लागते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १९० असुरक्षित वाहनाबद्दल आहे. वाहनात किंवा ट्रेलरमध्ये धोकादायक दोष आहे हे माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता अशा स्थितीत, जो ते रस्त्यावर चालवतो, चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तो गुन्हेगार. वाचायला किती न्याय्य! ड्रायव्हरही आला आणि मालकही आला. २०१९ पूर्वी याचा दंड होता २५० रुपयांपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीने तो १,५०० झाला. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड.

आता याच कायद्याचे कलम १९४ शेजारी ठेवून पाहा. जादा माल भरला तर २०,००० रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. का? कारण जादा वजनाने रस्ता खचतो. रस्ता खचला तर वीस हजार, ब्रेक नसलेला ट्रेलर माणसांवर सोडला तर दीड हजार! शासनाच्या लेखी डांबराची किंमत माणसापेक्षा किती पटीने जास्त आहे, हे आम्ही सांगत नाही, कायद्याचे पुस्तकच सांगते. जादा माल हा स्वतंत्र विषय आहे. राज्य सरकारे ठरावीक रक्कम घेऊन ‘गोल्ड कार्ड’ देत आणि जादा माल अधिकृत करून टाकत, तो उद्योग सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली परमजीत भसीन खटल्यात बंद केला. पुढे २०१८ साली केंद्राने वजनाची मर्यादाच वाढवली. दोन एक्सलचा ट्रक १६.२ टनांवरून १८.५ वर गेला, मोठ्या ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ वरून ५५ टन झाली. मालकाला फेरीमागे जास्त भाडे मिळाले. ब्रेकवर जास्त भार आला. ड्रायव्हरला काय मिळाले ते शोधूनही सापडत नाही.

पण कलम १९० मधला खरा सापळा दंडाच्या रकमेत नाही. तो ‘माहीत असताना’ या शब्दांत आहे. दोष माहीत कुणाला असतो? ड्रायव्हरला. गाडी उभी करण्याचा अधिकार कुणाला असतो? मालकाला. कायदा शिक्षा कशाला देतो? माहितीला! ज्याने वाकून चाक पाहिले, ज्याने फोन करून सांगितले, तो म्हणे जाणूनबुजून गाडी चालवणारा गुन्हेगार. ज्याने सहा महिने ट्रेलरकडे ढुंकूनही पाहिले नाही, तो पोलीस ठाण्यात हात वर करून सांगू शकतो, “साहेब, मला कुणी बोललंच नाही.” ‘चालवायला लावतो किंवा चालवू देतो’ हे शब्द कायद्यात आहेत, परंतु ते सिद्ध करायला कागद लागतो, आणि ड्रायव्हरने शेठला दिलेल्या तोंडी इशाऱ्याचा कागद कुठे असतो? माहिती एकाकडे, सत्ता दुसऱ्याकडे आणि दोष पहिल्याच्या माथी, अशी ही वाटणी आहे. या वाटणीला हात लावल्याशिवाय केलेली कोणतीही रस्ता सुरक्षा मोहीम ही शाळकरी पोरांच्या हाती फलक देऊन काढलेली प्रभातफेरी आहे.

याच वाटणीची पुढची पायरी म्हणजे भारतीय न्याय संहितेतले कलम १०६(२). अपघात करून पळून गेलेल्या आणि पोलिसांना न कळवणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा कळले की आपल्या टाकीतले पेट्रोल कुणीतरी रात्रभर जागून आणत असते. २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांनी चर्चा केली, तीही ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी. ही संघटना वाहतूकदारांची, म्हणजे मालकांची. संप ड्रायव्हरांचा, वाटाघाटी मालकांशी! तरी त्या संपाचा दणका असा होता की १ जुलै २०२४ रोजी न्याय संहिता लागू झाली तेव्हा हे एक उपकलम बाजूला ठेवावे लागले. याच कलमाचा पहिला भाग मात्र लागू झाला. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या दंड संहितेत दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, ती आता पाच वर्षांपर्यंत आहे. निष्काळजीपणा कुणाचा हे ठरवताना स्टिअरिंगवर कोण होता हेच आधी पाहिले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

ड्रायव्हरला नाही म्हणण्याचा हक्क हवा, हा आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. हा हक्क काही आजचा नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक तंट्यांचे विधेयक आले आणि संपाला गुन्हा ठरवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने बाबासाहेब उभे राहिले. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपण्यासाठी कायद्याचा दंडुका वापरणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी एक दिवसाचा संप करून या विधेयकाचा निषेध केला. तेव्हा प्रश्न गिरणीचा होता, आज ट्रेलरचा आहे. ब्रेक नसलेली गाडी घाटात उतरवण्यास नकार देणारा माणूस कामचुकार ठरत असेल आणि त्याची चावी काढून घेणारा मालक मोकळा राहत असेल, तर त्या ड्रायव्हरच्या स्वातंत्र्याचे आपण काय नाव ठेवणार?

आणि नेमक्या याच वेळी कायदा मागे सरकला आहे. १९६१ चा मोटर वाहतूक कामगार कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक वाहतूक व्यवसायाला लागू होता. त्याची अंमलबजावणी किती झाली ही गोष्ट सोडा, निदान कागदावर आठ तासांचा दिवस होता, साप्ताहिक सुट्टी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू करण्यात आल्या आणि तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत विरून गेला. या संहितेत वाहतूक व्यवसायासाठी कामगारांची संख्या दहा किंवा अधिक अशी आहे. म्हणजे पाच ते नऊ माणसे ठेवणारा मालक सरळ बाहेर! लहान मालकांनी भरलेल्या या धंद्यात याचा अर्थ काय होतो, हे ज्यांनी मसुदा लिहिला त्यांना कळत नव्हते असे आम्ही मानत नाही.

याच संहितेत एक तरतूद ऐकायला बरी आहे. जिवाला तात्काळ धोका आहे असे कामगाराला वाटले तर त्याने ते मालकाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणावे. मालकाची खात्री पटली तर त्याने उपाय करावा, नाही पटली तर निरीक्षकाकडे पाठवावे. या निरीक्षकाचे नवे नाव ‘निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता’ असे आहे. सुविधा कुणाची, ते नावात सांगितलेले नाही. रात्री दोन वाजता उरणच्या गोदामातून माल भरून निघालेल्या ड्रायव्हरने हा सुविधाकर्ता कुठे गाठावा? आणि निर्णय येईपर्यंत त्याने गाडी हलवायची की नाही? काम थांबवण्याचा स्पष्ट हक्क त्या तरतुदीत नाही. आणि चार ट्रेलरवाल्याच्या ड्रायव्हरला तर तीही लागू नाही.

हे जगात कुठेच जमत नाही असे कुणी म्हणू नये. आपले राज्यकर्ते विकासाच्या गोष्टी करताना ज्या अमेरिकेचे दाखले देतात, त्या भांडवलशाहीच्या माहेरघरातला नियम पाहा. ड्रायव्हरला दिवसाच्या शेवटी गाडीत दोष आढळला तर तो लेखी नोंदवतो. दुरुस्ती केली, किंवा तिची गरज नाही, असे कंपनीने सही करून दिल्याशिवाय ती गाडी पुन्हा रस्त्यावर जाऊ शकत नाही. असुरक्षित गाडी चालवायला नकार दिला म्हणून ड्रायव्हरला काढता येत नाही, असे संरक्षण तिथल्या १९८२ च्या कायद्याने दिले. बंदरातल्या ट्रेलरांचा प्रश्न तर अगदी आपल्या न्हावा-शेव्यासारखाच होता. कंटेनर ज्या सांगाड्यावर चढतो तो ड्रायव्हरच्या मालकीचा नसे, शिपिंग कंपनीचा किंवा भाड्याने देणाऱ्याचा असे. वाटेत पोलिसांनी अडवले की दंड मात्र ड्रायव्हरच्या नावे फाटे. २००५ साली तिथल्या संसदेने कायदा केला, २००८ च्या अखेरीस नियम आला, आणि सांगाड्याची देखभाल ही तो पुरवणाऱ्याची जबाबदारी ठरली. तिथेही सगळे आलबेल आहे असे नव्हे. पण जबाबदारी कुणाची हे तरी लिहिले गेले.

ऑस्ट्रेलियाने आणखी पुढचे पाऊल टाकले. तिथल्या अवजड वाहन कायद्यात जबाबदारीची साखळी आहे. माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा, गाडी बाळगणारा असे सगळे त्यात येतात आणि २०१८ पासून वाहनाची देखभालही त्या साखळीत घातली गेली. माल पाठवणाऱ्या कंपनीचा अधिकारी तिथे ‘मला काय माहीत’ म्हणून सुटू शकत नाही. आपल्याकडे उतरंड आहे, तिथे साखळी आहे. आपल्याकडे ही साखळी आणायला कोणते तंत्रज्ञान आड येते? कोणते परकीय चलन लागते?

आपल्या सरकारनेही ड्रायव्हरसाठी काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. नव्या ट्रकांमध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ती २०२५ साली अमलात आली. ४५ अंशांच्या उन्हात इंजिनावर बसून गाडी चालवणाऱ्याला गार वारा मिळावा, यात दुमत असण्याचे कारण नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ड्रायव्हर दिवसाला सरासरी सुमारे १२ तास गाडी चालवतात आणि निम्म्यांच्या आसपास ड्रायव्हर थकवा किंवा झोप येत असतानाही चालवत राहतात, असे दिसले होते. त्या माणसाला थंड केबिन हवीच. परंतु केबिन नव्या गाडीला मिळते, आणि ब्रेक जातो तो जुन्या ट्रेलरचा. शिवाय बारा तास चालवून थकलेल्या माणसाला गाडीखाली शिरून स्लॅक आवळायला वेळ आणि त्राण कुठून येणार, हेही त्याच पाहणीतून कळायला हवे होते.

आमची मागणी फार मोठी नाही. प्रत्येक मालवाहू गाडीबरोबर दोष नोंदवण्याची वही सक्तीची करा. ड्रायव्हर लिहील, मालक किंवा त्याचा माणूस सही करील, आणि ब्रेक, टायर, दिवे, कुलपे यांपैकी काही नादुरुस्त असेल तर ती गाडी गेटातून बाहेर पडणार नाही. बंदर, साखर कारखाना, सिमेंटचा कारखाना, पोलादाचे गोदाम, जिथे माल भरला जातो तिथल्या गेटवर ही वही पाहिली जावी आणि न पाहता माल भरणाऱ्या कंपनीलाही कलम १९० खाली ओढावे. लिहिले म्हणून किंवा नकार दिला म्हणून ज्याची चावी काढली जाईल त्याला कामगार न्यायालयात दाद मागता यावी. आणि दहाची अट काढून टाकून एका ट्रेलरच्या ड्रायव्हरलाही संहितेत घ्यावे. अपघात झाला की पहिला प्रश्न त्या वहीचा विचारला जावा, वेगाचा त्यानंतर.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या संघटनांनी आणि वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनी एक काम आजपासून करण्यासारखे आहे. ड्रायव्हरच्या हातात मोबाइल आहे. गोटा टायरचा, गळणाऱ्या चेंबरचा, बांधलेल्या नळीचा फोटो काढावा आणि शेठला तारखेसह पाठवावा, खाली दोन ओळी लिहाव्यात की दुरुस्तीशिवाय गाडी घाटात नेणे धोक्याचे आहे. मग ‘मला कुणी बोललंच नाही’ म्हणणे अवघड जाते. पण तो फोटो पाठवून पुन्हा तीच गाडी नेली तर तो ड्रायव्हरवरही उलटू शकतो, हे त्याला आधी समजावून सांगायला हवे, आणि म्हणून तो एकट्याने पाठवू नये. युनियनच्या नावाने पाठवावा, एक प्रत युनियनच्या कार्यालयात राहावी. ज्यांच्या घरातला ड्रायव्हर अशा अपघातात गेला त्यांनी तर ‘चूक त्याचीच होती’ हे ऐकून घरी बसू नये. कामावर असताना मृत्यू झाला तर मालकाकडून भरपाई मागताना कामगाराची चूक होती की नव्हती हा मुद्दा आड येत नाही. १९२३ च्या कायद्यातले हे तत्त्व २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. अशी घरे शोधून काढणे, तो ड्रायव्हर त्याच मालकाकडे कामाला होता याचा पुरावा गोळा करणे, बिल्टी, टोलच्या पावत्या, शेठने पाठवलेले पैशाचे व्यवहार जपून ठेवणे आणि अर्ज वेळेत दाखल करणे, या कामाला वकील नंतर लागतो, आधी लिहिता-वाचता येणारा एक शेजारी लागतो.